अकरा वीसचा आवाज

नगरपालिका आपलं मत विचारते आहे, ही गोष्ट त्या रस्त्यावरच्या लोकांना आधी थट्टाच वाटली. वीस वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं. पाणी कधी जावं, दिवे कधी जावेत, खड्डा नेमका कुणाच्या दारात पडावा, सगळं परस्पर ठरत आलेलं. आणि आता अचानक घरोघरी छापील पत्रक! परिसराचा नवा आराखडा होणार, रस्त्यावरच्या आवाजाचा बंदोबस्त होणार, तरी नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना कळवाव्यात. तळमजल्यावरच्या निवृत्त कारकुनांना आभाळ ठेंगणं झालं. हे गृहस्थ कशाचेच सभापती नव्हते, पण भाषणाची हौस इतकी दांडगी की सगळे त्यांना सभापती म्हणत, आणि तेही बिनदिक्कत ओ देत.

त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, पडदेवाल्या काकू राहत. रस्त्याचा आवाज वाढत गेला तसा काकूंचा धंदा वाढत गेला, हे सांगायला काय हरकत आहे? जाड कापड, आतून दुहेरी अस्तर, खालच्या दुमडीत वजनाला शिशाच्या गोळ्या. असा पडदा लावला की निम्मा रस्ता घराबाहेर राहतो, असं गिऱ्हाइकं म्हणत. अर्ध्या गल्लीच्या खिडक्यांना काकूंचे पडदे होते. काकूंच्या स्वतःच्या खिडकीला मात्र चिंधीसुद्धा नव्हती. कुणी छेडलंच तर म्हणत, "सुईत दोरा ओवायला उजेड लागतो बाई मला."

पालिकेच्या बाई आल्या त्या दिवशी काकू मशीनवरच होत्या. बाई चाळिशीच्या, आवाज मोजणाऱ्या खात्यातल्या, आणि सर्दीनं पार बेजार. गळ्यात ओळखपत्र, एका हातात वह्यांचा गठ्ठा आणि दुसऱ्या हातात रुमाल. रस्त्यावरची बारा घरं त्यांनी निवडली होती.

"आठवडाभर लिहायचं, काकू. किती वाजता आवाज आला, कशाचा आला, आणि त्यानं तुमचं काम किती थांबलं. अजिबात नाही तर शून्य. पार थांबलं तर दहा. शेवटी शेऱ्याला जागा आहे."

"खरं लिहायचं?"

"खरंच लिहायचं. खोटं लिहायला आमच्याकडे वेगळी माणसं आहेत," बाई म्हणाल्या आणि एक सणसणीत शिंक दिली.

काकूंना काम सांगावं ते असं. पाव इंचाचा फरक पडला तर सबंध पडदा उसवून पुन्हा शिवणारी बाई ती. त्यांनी मशीनशेजारी वही ठेवली, पेन्सिलीला टोक काढलं, भिंतीवरचं घड्याळ लावून घेतलं. स्कूटर गेली, शून्य. शाळेची बस गेली, एक, कारण तिचा हॉर्न उगाचच. तळमजल्यावर भाषण सुरू झालं, तीन. आणि सकाळी अकरा वीसला काकूंनी लिहिलं: काँक्रीटची गाडी, चौदा नंबर. दहा. शेऱ्यात लिहिलं: हात थांबतात. उठून खिडकीशी जावं लागतं. परत मशीनवर बसायला पंधरा मिनिटं जातात.

अक्षर अन् अक्षर खरं होतं. फक्त का, ते लिहायला वहीत रकाना नव्हता.

चौदा नंबर म्हणजे काकूंचा मुलगा. काँक्रीट घेऊन जाणारी ती मोठी गाडी, पाठीवर गरगर फिरणारं पिंप, त्यावर हातभर उंचीचा चौदाचा आकडा. गाडी नवी हातात आली तेव्हा तो आईला मुद्दाम कारखान्यावर घेऊन गेला होता, आणि काकूंनी आकड्यावरून हात फिरवून "रंग बरा लावलाय" एवढंच म्हटलं होतं. कौतुक तोंडावर करायची पद्धत त्या घरात नव्हती. बोलायची पद्धत मात्र होती, आणि तिथंच घात झाला.

चार वर्षांपूर्वी काका गेले ते सकाळी. मुलाला निरोप गेला, पण तो पोचला ते सगळं आटोपल्यावर. पायात कामाचे बूट, बुटांवर ओलं सिमेंट. म्हणाला, "आई, गाडी भरलेली होती. माल टाकल्याशिवाय सोडता येत नव्हती गं." घर माणसांनी भरलेलं. आणि काकूंच्या तोंडून निघून गेलं, "मग आता तरी कशाला आलास? जा, दुसरी खेप वाट बघत असेल." तो उभा राहिला तेवढा राहिला, आणि गेला. काकूंना वाटलं, येईल संध्याकाळी. मग वाटलं, येईल दिवसांच्या वेळी. मग वाटणं थांबलं नाही, पण मोजणं थांबलं.

फोन दोघांकडे होते. त्यानं करावा म्हणून ही थांबली, हिनं करावा म्हणून तो. नातेवाइकांकडून कधीतरी कळे की ठीक आहे, त्याच कारखान्यात आहे. पण रस्त्याच्या पलीकडे नव्या पुलाचं काम निघालं आणि रोज अकरा वीसला चौदा नंबर ह्या रस्त्यानं जायला लागली. रस्ता एकेरी, परत जायची ती दुसरीकडून. म्हणजे दिवसातून एकदाच. वळणावर बाकीच्या गाड्या धडाधड येत, ही मात्र अलगद यायची. गिअर खाली पडे, पिंपाची घरघर सावकाश होई, खिडकीखालून गाडी जवळजवळ चालत जाई आणि दिव्याच्या खांबापुढे गेल्यावर वेग घेई. समोरच्या काचेवर ऊन तळपायचं, आतलं माणूस काही दिसायचं नाही. पण आकडा दिसायचा. पूल काही केल्या पुरा होत नव्हता, आणि सबंध शहरात सरकारी दिरंगाईला मनोमन दुवा देणाऱ्या काकू एकट्याच असतील.

तर अशी ती वही. रविवारी काम बंद असतं. त्या दिवशी काकूंनी लिहिलं: आज गाडी आली नाही. दहा. दिवसभर काही सुचलं नाही.

पंधरा दिवसांनी शाळेच्या सभागृहात सभा भरली. मुलांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. पालिकेच्या बाईंनी भिंतीवर रस्त्याचा नकाशा लावला आणि त्याशेजारी बारा घरांचे बारा उभे पट्टे. अकरा पट्टे कमरेइतके, आणि एक थेट छताला भिडायला निघालेला.

"हे पहिल्या मजल्यावरचं घर," बाई म्हणाल्या. सर्दी गेली होती, आवाज खणखणीत झाला होता. "ह्या काकूंनी जशी नोंद ठेवली तशी मी माझ्या नोकरीत बघितली नाही. ऐका. हात थांबतात. उठून खिडकीशी जावं लागतं. रोज, त्याच वेळी, त्याच गाडीला दहा. आणि हे बघा, रविवार. गाडी आलीच नाही, तरी दहा. म्हणजे आवाज नसतानाही आवाजाची धास्ती! आणखी काय पुरावा हवा?"

सगळे माना वळवून काकूंकडे बघायला लागले. काकूंच्या कानशिलांतून वाफा निघायच्या बाकी राहिल्या.

बाईंनी सांगितलं, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून जड गाड्या बाहेरच्या रस्त्यानं जातील. पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर कायमच्या. टाळ्या पडल्या. सभापतींनी उठून "आपल्या काकूंनी जो लढा दिला" असं सुरू केलं आणि त्यांना खाली बसवायला तिघे लागले. काकूंना वाटलं, आपण काय करून बसलो? चार वर्षं ज्या एका क्षणाच्या जिवावर दिवस ढकलले, तो आपणच आपल्या हातानं, टोक काढलेल्या पेन्सिलीनं, पुसून टाकला की!

उठून सांगावं, बाई, तो पट्टा खोटा आहे. पण खोटा नव्हताच तो. आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईनं काकूंचा हात घट्ट धरला.

ही नर्सबाई कायम रात्रपाळीची. सकाळी नऊला घरी येणार, दहाला आडवी होणार आणि अकरा वीसला खाडकन जागी होणार. काकूंचे पडदेसुद्धा त्या घरघरीपुढे हात टेकत, कारण ती घरघर भिंतीतून चढते. काकांच्या शेवटच्या चार महिन्यांत हीच बाई पाळी संपवून आधी काकूंच्या दारात यायची, इंजेक्शन द्यायची आणि मग घरी जायची. एक दिवस चुकला नाही.

"काकू, माझ्यासाठी केलंत ना हे?" ती म्हणाली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि डोळ्यांत पाणी. "मी कधी बोलले नाही, पण तुम्हाला कळलं."

काकूंनी मान हलवली. मनात मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघताना त्यांनी दाराशी ठेवलेला हरकतीचा कोरा अर्ज उचलला, कुणाला दिसू नये असा घडी घालून. घरी येऊन लिहिलं: माझी हरकत आहे, कारण. आणि तिथंच गाडं अडलं. कारण काय लिहायचं? कारण तो माझा आहे? पालिकेत ह्याला कोण विचारतं? चार दिवस तो कागद मशीनवर पडून राहिला. चार दिवस अकरा वीसला काकू उठल्या, आणि एक तारखेला आता किती दिवस उरले ते नको म्हणताना मोजलं. बारा, अकरा, दहा, नऊ.

पाचव्या दिवशी सकाळी नर्सबाई उशीचे अभ्रे शिवायला टाकायला आली आणि तिची नजर कागदावर गेली. काकूंनी झाकायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता.

"काकू? तुम्हीच हरकत घेताय?"

मग काकूंनी सगळं सांगून टाकलं. बुटांवरच्या सिमेंटपासून रविवारच्या दहापर्यंत. सांगताना रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, पण आला तो स्वतःचाच राग. नर्सबाई खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत राहिली.

"द्या हरकत," ती शेवटी म्हणाली. "मी कानात बोळे घालीन. इतकी वर्षं काढली, आणखी काढीन."

"वेडी आहेस का? झोपेत चालत असल्यासारखी दिसतेस. माझ्या हरकतीपायी उद्या तिकडं कुणाला भलतीच सुई टोचशील."

"मग काय करणार तुम्ही?"

"काय करणार! तो थांबत नाही. चार वर्षं दारावरून जातोय, पण एकदा थांबला नाही."

नर्सबाईनं जांभई दिली. थकलेलं माणूस आडपडदा ठेवत नाही. "तो थांबला नाही हे खरं. पण काकू, तुम्ही तरी एकदा खाली उतरलात का? अठरा पायऱ्या आहेत. काकांना उचलून नेलं तेव्हा मोजल्यात मी."

काकूंना असा काही संताप आला की त्यांनी अभ्रे तिच्या हातातून ओढून घेतले आणि "पुढच्या आठवड्यात ये" म्हणून दार लावलं. कालची पोर आपल्याला शिकवते! मशीनवर बसल्या. टीप वाकडी गेली. उसवली, पुन्हा घातली, पुन्हा वाकडी. घड्याळात अकरा दहा झाले. काकूंनी मशीनवरून लाल अस्तराचा एक लांब तुकडा उचलला, गळ्यात टेप तशीच, पायांत सपाता तशाच, आणि अठरा पायऱ्या उतरून रस्त्यावर आल्या.

वळण घेऊन चौदा नंबर आली. वरून दिसायची त्याच्या चौपट मोठी होती ती. काकू रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि लाल कापड दोन्ही हातांनी हलवायला लागल्या. गिअर पडला, ब्रेक किंचाळले, आणि गाडी काकूंपासून दोन हातांवर थरथरत उभी राहिली. मागच्या गाड्यांनी जो कल्ला केला, तो पालिकेच्या कुठल्याही पट्ट्यात मावला नसता. खिडक्या उघडल्या. सभापती बनियनवर बाहेर येऊन ओरडले, "काकू, आता जाणारच आहेत त्या गाड्या! कायदा हातात घेऊ नका!"

वरची काच खाली आली. पिकल्या मिशीचा, पन्नाशी उलटलेला एक ढेरपोट्या माणूस बाहेर डोकावला.

"अहो मावशी, जीव नकोसा झालाय का? भरलेली गाडी आहे, अशी जागच्या जागी उभी राहत नाही ती!"

काकू बघतच राहिल्या. "तुम्ही कोण?"

"मी कोण? ही गाडी माझी."

"ही माझ्या मुलाची गाडी आहे."

माणसाची कुरकुर थांबली. त्यानं आधी पहिल्या मजल्याच्या उघड्या खिडकीकडे पाहिलं, मग काकूंच्या गळ्यातल्या टेपकडे. इंजिन बंद करून तो खाली उतरला.

"तुम्ही होय," तो म्हणाला. "मावशी, तो तीन वर्षांपूर्वीच गाडीवरून उतरला. पाठीनं त्रास दिला फार. आता कारखान्यात असतो, माल भरायच्या केबिनमध्ये. त्याच्या जागी मी आलो."

तीन वर्षं! म्हणजे तीन वर्षं काकू रोज मशीनवरून उठून ह्या मिशीवाल्याला निरोप देत होत्या. त्यांना हसावं की रडावं कळेना. ज्या आवाजाला जिवाचा कान केला, तो कुणा परक्याच्या पायाखालचा होता. आता हरकत तरी कशावर घ्यायची?

"पण तुम्ही तर इथं हळू घेता," काकू कशाबशा म्हणाल्या. "बाकीचे नाही घेत. तो घ्यायचा."

"त्यानंच सांगितलं तसं. गाडी हातात देताना म्हणाला, वळणावर गिअर खाली घे आणि ह्या घरावरून सावकाश जा. आई मशीनवर असते, दचकली तर सुई बोटात जाईल. मी म्हटलं, बरं बाबा." माणसानं मागच्या हॉर्नवाल्याला हातानंच दम दिला. "आणि परत पोचलो की रोजचा एकच प्रश्न. होती का खिडकीत? मी म्हणतो, होती. मग तो पुढची गाडी भरायला घेतो. एक दिवस तुम्ही नव्हता, ताप-बीप होता की काय, तर संध्याकाळपर्यंत माझं डोकं खाल्लं त्यानं."

काकूंनी लाल कापडाचा बोळा तोंडावर धरला. भर रस्त्यात, सगळ्या गल्लीसमोर, सभापतींच्या देखत रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं.

"चला," त्या नाक पुसून म्हणाल्या. "मला न्या त्याच्याकडे."

"नेतो की. पण मावशी, आधी पुलावर जावं लागेल. माल थांबत नाही."

"टाका आधी माल," काकू म्हणाल्या.

त्या उंच पायरीवर काकूंना चढवायला खालून दोन शेजारी आणि वरून एक ड्रायव्हर लागला. पुलाच्या कामावर माणसं नुसती पळत होती. पन्हळीतून राखी रंगाचा लगदा धबाधबा खाली पडत होता आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. काकूंनी विचारलं, अर्धवट सोडून निघून गेलं तर काय होतं? ड्रायव्हर म्हणाला, पिंपात दगड होतो. फोडून काढावा लागतो, आणि भरलेला पुलाचा खांबही वाया जातो. चाळीस मिनिटं काकू त्या उंच सीटवर बसून बघत राहिल्या. कारखान्यावर गेलेल्या त्या एका दिवशी हे विचारलं असतं, निदान बूट ओले घेऊन तो दारात उभा होता तेव्हा विचारलं असतं, तर चार वर्षं वाचली असती. विचारलं नाही. जे बोलायचं नव्हतं तेवढं बोलून मोकळ्या झाल्या.

कारखान्यात माल भरायची केबिन लोखंडी जिन्यावर होती. तीन बाजूंना काच, आत बटणांचं टेबल. ड्रायव्हर पुढं, काकू मागं, कठडा धरून. दार उघडलं तेव्हा त्याची पाठ दाराकडे होती. पाठीला आधाराचा पट्टा बांधलेला, केस मागून विरळ झालेले, मान खाली घालून तो काट्यावरचे आकडे लिहीत होता. काकूंचे पाय उंबऱ्यातच थबकले. एवढा वयस्क कधी झाला हा?

"उशीर केलास आज," तो मान वर न करता म्हणाला. "होती का खिडकीत?"

ड्रायव्हर बाजूला सरकला.

"नाही रे," काकू म्हणाल्या. "आज नव्हते मी."